कोसमदऱ्यातली मोजणी

दोर मागायला आम्ही बापूजींकडे गेलो होतो. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेआठ. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाच जणी कोसमदऱ्याचा धबधबा पाहायला निघणार होतो, आणि सौंसरच्या आमच्या गल्लीत लांब, मजबूत दोर एकाच घरी होता.

बापूजींचं सगळं आयुष्य संत्र्याच्या धंद्यात गेलं. आता गाडी मुलगा चालवतो आणि ते अंधार पडला की ओट्यावर खाट टाकून बसतात. कॅरेटं गाडीवर आवळायचा निळा नायलॉनचा दोर त्यांच्या दाराजवळच्या खुंटीला गुंडाळून ठेवलेला असतो.

आम्ही तिघी गेलो होतो. मी, माझी चुलत बहीण करुणा, आणि लोधीखेड्याच्या शाळेत शिकवणारी सुचिता. सहा वर्षं हैदराबादेत विज्ञान शिकून मी परत आले ती एक हट्ट घेऊन, की आपला भाग आधी आपल्या लोकांना दाखवायचा. इथली पोरं सहलीला थेट पचमढीला जातात आणि पस्तीस किलोमीटरवरची स्वतःची दरी त्यांना ठाऊक नसते, याचा मला राग यायचा. वाटेवर चुन्याच्या खुणा करायच्या, नकाशा काढायचा, दिवाळीनंतर सुचिताच्या वर्गाला न्यायचं, असं सगळं ठरलं होतं.

"दोर कायले पाहिजे?" बापूजींनी विचारलं. ते तंबाखू मळत होते.

"कोसमदऱ्याला जाऊन राहिलो उद्या. मध्ये ओढा लागतो म्हणे."

मळणारा अंगठा थांबला.

"रस्ता कोणं सांगितला?"

"विशालदादानं. बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे ना त्याचं. त्यानं लिहूनच दिला." मी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला आणि वाचायला लागले, "बोरपाणीपर्यंत गाडी जाते. शेवटच्या घरापाशी लावा. तिथून नाल्याच्या उजव्या अंगानं..."

"राहू दे. वाचू नको."

मी थांबले. बापूजींनी तंबाखू तोंडात टाकला नाही. तो हातातच राहिला.

"तो येऊन राहिला का तुमच्यासंग?"

"नाही. म्हणाला, मी आता वर जात नाही. तुम्ही जा."

"बसा," बापूजी म्हणाले.

करुणा माझ्याकडे पाहून हसली. "भुताची गोष्ट आहे का बापूजी? मग आमच्या प्रज्ञाला नका सांगू. तिला पुरावा लागते."

"मले पण लागत होता, पोरी."

आत बापूजींच्या बायकोनं, शोभाकाकूंनी, टीव्ही बंद केला. बाहेर येतील असं वाटलं, पण त्या आल्या नाहीत. दार मात्र आतून लोटून घेतलं.

"हे माझ्या साडभावाचं आहे," बापूजींनी सुरुवात केली. "गुणवंताचं. आमच्या हिची धाकटी बहीण उर्वशी, तिचा नवरा. आन् तुमचा विशालदादा म्हणता ना, त्याचा बाप."

गेल्या वर्षीची गोष्ट. दोन ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. बुधवार. गांधी जयंतीची सुट्टी होती आणि सर्वपित्री अमावस्याही त्याच दिवशी आली होती.

गुणवंता संत्र्याच्या बागांमध्ये मोजदार होता. तोड झाली की फळांचा ढीग पडतो. मोजदार ढिगापुढे बसतो आणि दोन्ही हातांनी पाच-पाच फळं उचलून मोजत जातो. तीस वर्षं त्यानं तेच काम केलं. त्या मोजणीत पहिल्या उचलीला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पहिलं माप लाभाचं, म्हणजे रास वाढती राहते. धान्य मोजतानाही तसंच. हे गुणवंताच्या जिभेवर असं बसलं होतं की घरी पोळ्या मोजतानाही तो लाभच म्हणायचा, आणि उर्वशी त्याला चिडवायची, "लाभ म्हणून पोळी वाढत नसते जी, कणीक मळावी लागते."

आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या संत्र्यांची, तोड सुरू व्हायच्या आधी पहिल्या झाडाच्या बुंध्याला कोसमदऱ्याचं पाणी घालायची त्यांच्या घरात रीत होती. गुणवंता लहानपणी बापाबरोबर जाऊन आणायचा. मग ते सुटलं. आठ-दहा वर्षं कोणी गेलं नाही. त्या वर्षी विशालनंच विषय काढला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, कॉलेज झालेलं, काम काही नाही, दिवसभर मोबाइल. म्हणाला, बाबा, पाणी आणू ना यंदा. माझे दोस्त पण येतात. व्हिडिओ काढू.

"उर्वशीनं साफ सांगितलं," बापूजी म्हणाले. "जाशील तर बापासंग जा. नाही तर घरी बस. एकच पोरगं आहे ना तिले."

म्हणून गुणवंता गेला. पाण्यासाठी पाच लिटरचा कॅन घेतला आणि आदल्या रात्री बापूजींकडून दोर नेला.

सुचितानं खुंटीकडे पाहिलं. बापूजींनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

"हाच," ते म्हणाले.

गुणवंता, विशाल, आणि विशालचे तीन दोस्त, विनोद, अक्षय, प्रतीक. एकूण पाच. निघायलाच अकरा वाजले, कारण विनोदची गाडी पंक्चर झाली. बोरपाणीत शेवटच्या घरी अंबाबाई राहते. एकटीच असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विकते. तिच्या अंगणात गाड्या लावल्या. विनोद म्हणाला, "आजी, गांधी जयंती आहे, दुसरं काही भेटत नाही, चहाच कडक कर." पोरं हसली. अंबाबाईनं चहा दिला आणि गुणवंताला बाजूला बोलावलं. पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल असंच.

"किती जण चाललात?"

"पाच."

"वर मोजशील का त्याईले?"

"मोजीन ना बाई. लोकाईचे पोट्टे आहेत."

"मंग एकपासून मोज. लाभ म्हणू नको."

गुणवंता हसला. "संत्रे थोडीच आहेत!"

"खळ्यात लाभ म्हटलं का रास वाढते," अंबाबाई म्हणाली. "तिथं पण वाढते."

अक्षय म्हणाला, "वाढू दे ना आजी. माणसं वाढली तर आमच्या वॉर्डात मतदानाले कामी येतील."

अंबाबाई हसली नाही. "वाढलेलं घरी नेता येत नाही," ती म्हणाली. "आन् सोडून पण येता येत नाही."

बापूजींनी आता तंबाखू तोंडात टाकला. 

"वर पोचले तेव्हा चार वाजले होते. मी पाहिला आहे तो झरना. खोटं कायले बोलू, सुंदर आहे. काळा दगड, त्याच्यावरून पाणी असं सरळ उतरते, आन् खाली डोह. आवाज एवढा का बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही."

पोरं पाण्यात उतरली. व्हिडिओ काढले. गुणवंतानं कॅन भरला, झाकण आवळलं, आणि साडेचारला म्हणाला, चला. पाच मिनिटं काका, पाच मिनिटं, असं करता करता सव्वापाच झाले. तेवढ्यात वरच्या अंगाला ढग फुटल्यासारखा पाऊस पडला. खाली एक थेंब नाही. पण पाण्याचा रंग बदलला. ते मातकट झालं. गुणवंतानं पोरांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

दरीत अंधार लवकर होतो. सव्वासहाला पायाखालचं दिसेनासं झालं. मोबाइल दिवसभर वापरून मेले होते. विनोदचा तर डोहातच गेला होता. प्रतीकच्या मोबाइलमध्ये थोडा जीव होता, तो त्यानं बंद करून पॉलिथिनमध्ये बांधून ठेवला. गुणवंताची एक बॅटरी. तिच्या उजेडात एकामागे एक चालत ते ओढ्यापाशी आले, तेव्हा साडेसात होत आले होते.

जाताना ओढा घोट्याएवढा होता. आता कमरेला लागत होता.

"मंग गुणवंतानं काय केलं..." बापूजी पुढे सरकले आणि दोन बोटांनी खाटेवर ओढा आखून दाखवला. "हा इकडला काठ, घराकडला. हा तिकडला, झरन्याकडला. सगळे तिकडे. तो दोर घेऊन पहिला इकडे आला. इकडे झाडाले बांधला. तिकडलं टोक विशालनं एका झाडाले बांधलं. विशाल सगळ्यात तगडा, म्हणून तो शेवटी राहिला."

अक्षय दोर धरून आला. विनोद आला. प्रतीक मध्ये घसरला. गुणवंतानं पाण्यात उतरून दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि बगलेतली बॅटरी पडली. ती लगेच विझली नाही. पाण्याखाली पिवळी पिवळी जळत वाहत गेली. वळणापर्यंत दिसली. मग नाही.

आता काहीच दिसत नव्हतं.

पलीकडे विशाल एकटा होता. गुणवंता ओरडला, "दोर सोड झाडाचा! कमरेले बांध!"

"बांधला बाबा!"

"ये!"

चौघे मिळून ओढायला लागले. दोर जड होता. माणसाचा भार होता त्याला. मध्यावर... एकदम ढिला पडला. एक श्वास घेण्याएवढा वेळ. गुणवंताचे हात तसेच थांबले.

मग दोर पुन्हा ताणला.

ओढला. एक हात त्याच्या हातात आला. थंडगार, ओला. "आलो बाबा," विशाल म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

गुणवंता रडला म्हणे तिथं. अंधारात कोणाला दिसलं नाही. त्यानं पोराचा हात सोडलाच नाही. मग त्याला वाटलं, मोजून घ्यावं. लोकांची पोरं. एखादा मागे राहिला तर त्याच्या मायला काय तोंड दाखवणार? त्यानं सांगितलं, मी सुरू करतो, तुम्ही एकेक आकडा म्हणत जा.

बापूजी थांबले. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज पार संपेपर्यंत ते थांबले.

"तीस वर्षांची जीभ," ते म्हणाले. "काय म्हणणार?"



"गुणवंता म्हणे, बापूजी, शब्द तोंडातून निघाला तवाच मले अंबाबाई आठवली. पण निघाला. परत कसा घेऊ?"

लाभ.

अक्षय म्हणाला, दोन.

विनोद म्हणाला, तीन.

प्रतीक, चार.

गुणवंताच्या खांद्याला खांदा लावून विशाल म्हणाला, पाच.

गुणवंतानं श्वास सोडला.

आणि ओढ्याच्या पलीकडून आवाज आला.

"सहा."

...

"अबे विशल्या," विनोद म्हणाला, "नाटक नको करू बे."

"मी कुठं काय बोललो?" हे इथून. गुणवंताच्या खांद्याजवळून.

"बाबा..." हे तिथून. "दोर टाका ना. माझ्या हातून सुटला. मी इकडेच आहे."

तोच आवाज. विशालचाच. जरा घाबरलेला. थंडीनं कापणारा.

कोणी हललं नाही. पाणी वाजत होतं.

"बाबा, दोर टाका."

गुणवंतानं विचारलं. कोणाला विचारलं ते त्यालाच ठाऊक नाही, नुसतं अंधारात विचारलं. "तू लहानपणी माझं काय टाकलं होतं विहिरीत?"

"घड्याळ," विशाल म्हणाला.

इथून. आणि तिथून.

"मी विचारलं गुणवंताले," बापूजी हळू म्हणाले, "पहिले कोण बोललं? तो म्हणे, पहिले-मागून असं नव्हतंच. एकच आवाज होता. दोन्हीकडून आला."

प्रतीकनं पॉलिथिन फाडलं. मोबाइल चालू केला. दोन टक्के बॅटरी. पडद्यावर वेळ होती, सात वाजून एकेचाळीस मिनिटं. त्यानं टॉर्च लावला आणि गुणवंताच्या शेजारी धरला.

विशाल होता. ओले केस. निळे पडलेले ओठ. कमरेला दोर. तोच शर्ट.

मग टॉर्च पलीकडे फिरवला. उजेड ओढ्याच्या मध्यापर्यंत गेला. पुढे नाही. पलीकडे नुसता काळोख.

मोबाइल विझला.

"काका, चला," प्रतीक म्हणाला. "विशाल इथं आहे. आपण पाहिला."

"बाबा, पाणी वाढून राहिलं..."

"चला काका!"

"बाबा, मले पोहता येत नाही इतक्या पाण्यात. तुम्हाले माहीत आहे."

गुणवंता पाण्यात उतरला. गुडघाभर. पोरांनी मागून धरलं. एकानं कमरेला, एकानं हाताला, एकानं खांद्याला, एकानं शर्टाला. तो हिसके देत होता. शिव्या देत होता.

"चौघांनी धरला त्याले," बापूजी म्हणाले. "चौघांनी. त्यात त्याचा पोरगा पण होता."

ते थांबले.

"पोरगा म्हणा... जो होता तो."

करुणानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

त्यांनी गुणवंताला ओढत नेला. मागून दोनदा-तीनदा 'बाबा' ऐकू आलं. मग तेही बंद झालं. मग फक्त आकडा. जरा जरा वेळानं.

सहा.

...

सहा.

"हाक नव्हती ती. रडणं नव्हतं. शाळेत हजेरी देतात ना, तसं. कोणी पुन्हा मोजलं तर आपला नंबर चुकू नये म्हणून."

बोरपाणीत अंबाबाई कंदील घेऊन अंगणात उभी होती. तिनं पाचही जणांकडे पाहिलं. गुणवंता तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाई, पाह्य ना. सगळे आहेत ना? हा माझाच आहे ना?" तिनं कंदील विशालच्या तोंडापाशी नेला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आता मले कायले विचारता?" आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी बापूजी, गुणवंता, एक वनरक्षक आणि बोरपाणीची दोन माणसं वर गेली. पाणी उतरलं होतं. पलीकडचा काठ दोन तास पाहिला. खालच्या अंगाला एक कोस गेले. काही नव्हतं. पायाचा ठसा नाही, चप्पल नाही, कपड्याची चिंधी नाही. वनरक्षक वैतागून म्हणाला, हरवलं कोण आहे नेमकं? त्या वेळी विशाल घरी सौंसरला झोपलेला होता. अंगात ताप होता आणि उर्वशी उशाशी बसली होती.

"पोलिसात जाणार तर काय लिहून देणार?" बापूजी म्हणाले. "पोरगा हरवला. पोरगा घरीच आहे. घ्या लिहून!"

मी विचारलं, "मग विशालदादा... नंतर काही वेगळा..."

"काही नाही. मी वर्षभर पाहून राहिलो त्याले. जेवते. हसते. ऊन पडलं तर सावली पडते, ते पण पाहिलं मी. दुकान टाकलं त्यानं, चांगलं चालते. मायचे पाय चेपून देते. पहिले आळशी होता, आता पहाटे उठते. एवढाच फरक. पोरगा सुधारला म्हणून बाप रडला तर लोक काय म्हणतील? उर्वशी तर म्हणते, कोसमदऱ्याच्या पाण्यानं गुण आला. गुणवंता तिले काय सांगणार? तिचा पोरगा तिच्यापुढे बसून भात खाऊन राहिला."

गुणवंतानं त्यानंतर फळ मोजलं नाही. तो वर जायला लागला. उर्वशीला सांगायचा, बागेत जातो. बोरपाणीला गाडी लावायचा, ओढ्यापर्यंत चालायचा, आणि इकडच्या काठावर उभा राहून म्हणायचा, लाभ.

पलीकडून उत्तर यायचं.

"दोन."

"सहा नाही?" सुचितानं विचारलं.

"सहा कसं होईल? आता दोघंच ना ते."

 बापूजींनी खाकरून घसा साफ केला.

दर वेळी गुणवंता दोर टाकायचा. दर वेळी दोर मोकळाच परत यायचा. कधी तो पलीकडे जाऊन बसायचा. तिकडे गेला की आवाज यायचा नाही. परत इकडे आला की यायचा. सहा महिने असं चाललं. मग चैत्रात उतरताना तो घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन केलं. तेव्हापासून खाटेवर आहे. त्याला उठवून बसवतो विशाल. अंघोळ घालतो विशाल. घास भरवतो, म्हणतो, "बाबा, अजून थोडं खा." आणि गुणवंता खातो. दुसरं काय करणार?

मे महिन्यात त्यानं बापूजींना बोलावून घेतलं. विशाल दुकानात होता. हळूच म्हणाला, "एकदा जाऊन ये. दोर नको टाकू, काही नको करू. नुसतं लाभ म्हण. त्याले वाटलं पाहिजे का कोणी आहे."

"मी गेलो," बापूजी म्हणाले. "भर दुपारी गेलो. रात्री जायची हिंमत नव्हती. ओढा कोरडा ठाक. नुसते दगड. पलीकडला काठ दहा पावलांवर. सगळं दिसून राहिलं होतं. झाड, दगड, वाळलेला पाला. कोणी नाही. कोणीच नाही. मी उभा राहिलो. शब्द तोंडात आला..."

त्यांनी हात ओठांपर्यंत नेला आणि तिथंच ठेवला.

"निघाला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. निघेचना. मी विचार केला, मी पण जिंदगीभर हेच म्हणत आलो. पण म्हटलं आन् 'दोन' आलं तर? आन् मंग माझ्या मागून 'तीन' आलं तर? मी परत फिरलो. दोन पावलं टाकली."

...

"मागून आवाज आला. 'बाबा?'"

...

"असा. विचारल्यासारखा. पायांचा आवाज आला असंल ना त्याले. कोणी आलं, असं वाटलं असंल."



"मी पळालो पोरींनो. चौसष्ट वर्षांचा माणूस, दगडांवरून पळालो. आन् घरी येऊन गुणवंताले सांगितलं, लाभ म्हटलं, दोन म्हणाला, मजेत आहे." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "त्याले बरं वाटलं. दर महिन्याले विचारते, गेला होता का? मी म्हणतो, गेलो होतो."

माझ्याजवळ सगळं होतं. थंडीनं माणसाला काय काय ऐकू येतं, भीती कशी पसरते, वाढलेल्या पाण्यात दरी आवाज कसा फेकते. सहा वर्षं शिकले होते मी. मी म्हणाले, "बापूजी, अशा दरीत आवाज परत येतो. एकाचा आवाज दुसऱ्या बाजूनं..."

"येते ना पोरी," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. "पण पाच म्हटलं तर परत पाच येते. सहा कसं येईल?"

मी हातातला कागद खाली ठेवला. 

 मग बापूजींनीच विचारलं, "विशालनं स्वतः बोलावलं होतं का तुम्हाले? का तुम्ही गेल्या होत्या?"

मी आठवून पाहिलं. करुणाच्या मोबाइलची काच बदलायला गेलो होतो. मी वाटेच्या खुणांबद्दल, शाळेच्या मुलांबद्दल बोलत होते. तो काच बसवत ऐकत होता. मग त्यानं स्वतःच वही ओढली होती. लिहून देतो म्हणाला. किती मुलं नेणार, हेही विचारलं होतं.

"किती म्हणाली तू?"

"तीसेक."

बापूजींनी खुंटीवरच्या दोराकडे पाहिलं.

कागद सुचिताच्या हातात होता. मी खाली ठेवला तेव्हा तिनं उचलला असेल. तिनं तो उलगडला आणि मोबाइलचा उजेड त्यावर धरला. "हा आपण पूर्ण वाचलाच नाही," ती म्हणाली.

बोरपाणीपर्यंत गाडी. शेवटचं घर. नाल्याची उजवी बाजू. तीन सागांची खूण. मोठा उतार. ओढा. ओढ्याला दोर लागेल, बापूजींकडे आहे.

आणि सगळ्यात खाली, थोडी जागा सोडून:

"ओढा ओलांडून इकडे आलात की सगळ्या आल्या का ते मोजून घ्या. पहिलीनं एक म्हणू नये. लाभ म्हणावं."

अक्षर बाकीच्या कागदासारखंच होतं. सरळ, निळ्या शाईतलं, कसली घाई नसलेलं.